दुखलं नाही तर गुण येईल का?

पेठ रोडवर मेडिकल चालवायचं म्हणजे सुईला घाबरणारे आणि सुईसाठी हटून बसणारे, दोघंही सांभाळावे लागतात. पहिल्या प्रकारात पैलवानकीचं अंग असलेला एक भाजीवाला आहे. हाताला खिळा लागला म्हणून डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन लिहून दिलं, तर ते घ्यायला त्याने बायकोला पाठवलं आणि स्वतः रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. दुसऱ्या प्रकारात हरसूलकडून एसटीने येणाऱ्या मावशी. चिठ्ठी काउंटरवर ठेवतात, मी गोळ्या काढते, तोवर त्या वाकून बघतात आणि विचारतात, “नुसत्या गोळ्याच? सुई नाही लिहिली डॉक्टरांनी?” तापाने अंग मोडून आलंय, भाडं खर्चून नाशिकला आलो, आणि टोचलंसुद्धा नाही, म्हणजे डॉक्टरांनी आपल्याला उरकलं, असा त्यांचा साधा हिशोब.

आणि हा हिशोब फक्त हरसूलच्या मावशींचा नाही. जगात वर्षाला साधारण १६ अब्ज इंजेक्शनं दिली जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात लसींचा वाटा जेमतेम पाच टक्के. बाकीच्यात गरज नसताना दिलेल्यांची संख्या भरपूर. म्हणजे माणसाला सुई नको असते हे अर्धंच खरं.

हे सगळं डोक्यात असल्यामुळे केमिस्ट लोकांच्या ग्रुपवर अधूनमधून जी बातमी फिरते, ‘आता इंजेक्शनला रामराम, आला न दुखणारा पॅच’, ती वाचून मला फारसा हुरूप येत नाही. हा पॅच म्हणजे अगदी बारीक सुया असलेली औषधाची चिकटपट्टी, मायक्रोनीडल पॅच. तंत्रज्ञान खोटं आहे म्हणून नव्हे. ते अगदी खरं आहे आणि मला मनापासून आवडतं. पण त्यातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट मथळ्यात टाकलेली असते.

आधी कातडीचं सांगते. आपली त्वचा बाहेरून आत जायला किती अवघड आहे, हे दुकानात बसून फार चांगलं कळतं. अर्धं शेल्फ मलमांचं, बामचं, तेलांचं, आणि त्यातलं बहुतेक सगळं वरच्यावर राहतं. अडवणारा थर किती जाड? फक्त १० ते २० मायक्रॉन. जास्तीत जास्त मिलिमीटरचा पन्नासावा भाग. मेलेल्या, चपट्या पेशी आणि त्यांच्यामधली चरबी, बस. पण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू तिथून सहसा आत शिरत नाही. माझ्याकडे जे थोडेफार औषधी पॅच येतात ते याच नियमात बसणारे. निकोटिन १६२ डाल्टन. छातीत कळ येणाऱ्यांना देतात ते नायट्रोग्लिसरीन २२७. इन्सुलिन मात्र ५८०० च्या घरात. लसींचं तर बोलायलाच नको. त्यांना त्या थरापाशीच परत फिरावं लागतं, म्हणून गेली दीडशेहून अधिक वर्षं आपण पोकळ सुई घेऊन तो थर ओलांडतोय. आणि ओलांडताना गरजेपेक्षा कितीतरी खोल जातोय. वेदनेच्या बहुतेक नसा आणि रक्तवाहिन्या या थराच्या बऱ्याच खाली असतात. बाह्यत्वचा धरली तरी बहुतेक ठिकाणी ०.१ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे औषधाला अडवणारा थर संपतो आणि खरी कळ सुरू होते, या दोन्हींच्या मध्ये थोडी मोकळी जागा आहे. मायक्रोनीडलचा सगळा खेळ त्या जागेतला.

ही जागा माणसाच्या आधी एका वेलीने शोधली, आणि ती आपल्या अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या पायथ्याला बांधाबांधावर आहे. खाजकुइली. पावसाळा सरला की तिच्या शेंगा भरतात आणि हिवाळ्यात त्यांच्यावर सोनेरी-तपकिरी मखमल चढते. त्र्यंबकच्या बाजूला मामाकडे गेलं की पहिली ताकीद तिचीच असायची. उन्हात बघितली तर हात लावावासाच वाटतो. लावला की संपलं. पुढचा तासभर माणूस नाचतो. चोळलं की वाढतं, पाण्याने धुतलं तरी जात नाही. मामी ओलं शेण थापायची आणि वाळू द्यायची. वाळलेल्या पापुद्र्याबरोबर केस निघून येत असावेत.

त्या लवेचा एकेक केस साधारण दोन मिलिमीटरचा असतो आणि टोक काही मायक्रॉनचं. तो कातडीत जेमतेम ०.२ मिलिमीटर शिरतो. रक्त नाही, भोक दिसत नाही. केसात म्युक्युनेन नावाचं एक प्रथिन असतं, ते नेमकं वरच्या नसांच्या टोकांपाशी पोचतं आणि खाज पेटते. प्रथिन म्हणजे मोठा रेणू, जो मलमात कालवून वर्षभर चोळला तरी आत गेला नसता, तो वेलीने एका केसाच्या टोकावरून बिनबोभाट पोचवलेला असतो. खाजेवर संशोधन करणाऱ्यांनी पुढे याचाच उपयोग केला. केस उकळून त्यातलं मूळ प्रथिन निकामी करायचं, मग तेच केस हिस्टामाइनमध्ये किंवा मिरचीतल्या कॅप्सायसिनमध्ये भिजवायचे आणि स्वयंसेवकाच्या हाताला टोचायचे. म्हणजे वेलीचं शस्त्र घेतलं, त्यातलं विष काढलं आणि त्यात आपल्याला हवं ते भरलं. (याच वेलीच्या बिया म्हणजे कवचबीज. माझ्या दुकानात त्याचं चूर्ण विकलं जातं, आणि त्या बियांत कंपवाताच्या औषधातला लेव्होडोपा असतो. एकाच झाडाने माणसाला इतकं छळावं आणि इतकं द्यावं, याची मला गंमत वाटते.)

कारखान्यातली गोष्ट मात्र उशिरा सुरू झाली. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या अल्झा कंपनीच्या मार्टिन गर्स्टेल आणि व्हर्जिल प्लेस यांनी अशा बारीक सुयांच्या साधनाचं पेटंट १९७६ मध्येच मिळवलं होतं. पण केसाएवढ्या जाडीच्या शेकडो सुया एकसारख्या घडवणार कशाने? ते हत्यारच तेव्हा औषधवाल्यांकडे नव्हतं. ते संगणकाच्या चिपा बनवणाऱ्यांकडे तयार होत होतं. १९९८ मध्ये अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये मार्क प्रॉस्निट्झ आणि मार्क ॲलन यांच्या गटाने चिपांच्याच पद्धतीने सिलिकॉन कोरून १५० मायक्रॉन उंचीच्या सुयांची चौकट बनवली, माणसाच्या त्वचेच्या तुकड्यावर दाबली, आणि एरवी न शिरणारा रंग हजारो पट जास्त आत गेला. मधली वीस-बावीस वर्षं कल्पना कागदावर वाट बघत बसली होती, कारण गाठ सुटायची ती दुसऱ्याच धंद्यात सुटत होती. मला या गोष्टीत सगळ्यात हे आवडतं.

त्यानंतर प्रकार वाढत गेले. नुसत्या भरीव सुया भोकं पाडायला, औषधाचा लेप दिलेल्या सुया, इंजेक्शनसारख्या पोकळ सुया. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात रायन डॉनेली यांच्या गटाने फुगणाऱ्या सुयांवर बरंच काम केलंय. त्या त्वचेतलं पाणी शोषून घेतात आणि त्यातून मागच्या साठ्यातलं औषध आत झिरपतं. माझ्या मते सगळ्यात कामाच्या आहेत त्या विरघळणाऱ्या. सिलिकोनच्या साच्यात साखर किंवा विरघळणारं पॉलिमर औषधासकट ओततात, वाळवतात आणि साचा सोलून काढतात. अंगावर दाबलं की काही मिनिटांत टोकं आत विरघळतात आणि हातात उरतो नुसता कागदी तळ. सुई होती याचा पुरावाही राहत नाही.

अशी वस्तू प्रत्यक्ष बघायची फार इच्छा होती, म्हणून ऑनलाइन एक कोरियन पॅच मागवला. मुरुमांवर लावतात, हायलुरोनिक ॲसिडच्या सुया असलेला. पाकिटावरचं झाकण सोलल्यावर आधी काहीच दिसलं नाही. पारदर्शक गोल चकती. अंगठा फिरवला तर दोन दिवसांची दाढी वाढलेल्या गालासारखं खरखरीत लागलं. मग बिलांवरची बारीक अक्षरं वाचायचं भिंग काढलं आणि दिव्याखाली तिरपं धरलं. ओळीने उभे शंकू, काचेसारखे, सगळे एका उंचीचे. हनुवटीला दाबला तेव्हा टोचल्यापेक्षा चिमटल्यासारखं वाटलं. तासाभराने काढून पाहिला तर शंकूंच्या जागी बुटके टेंगूळ राहिले होते. मुरुमाचं काय झालं म्हणाल, तर तो त्याच्या वेळेने गेला.

इथेच एक कुरकुर करून घेते. केसांसाठी आणि चेहऱ्यासाठी डर्मारोलर मागायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना हेच मायक्रोनीडल वाटतं. नात्याने आहे जवळचं, पण तो धातूच्या सुयांचा रूळ आहे, आणि होस्टेलवर तिघं मिळून एक वापरतात असं कळलं की मी तो विकत नाही. भांडणं झाली तरी चालतील.

आता इन्सुलिन. पॅचची बातमी आली की सगळ्यात आधी विचारणा होते ती मधुमेहाच्या गिऱ्हाइकांकडून, आणि घरात सासूबाई आहेतच. मी त्यांना ती बातमी वाचून दाखवली. त्या पेनची सुई लावत होत्या. चार मिलिमीटरची, ३२ गेजची, ज्यांनी जुन्या काळातल्या काचेच्या सिरिंजा उकळताना पाहिल्या आहेत त्यांना खेळण्यातली वाटेल अशी. त्या म्हणाल्या, “अगं, दुखतंय कुठे? मला कंटाळा येतो त्याचा.” पंधरा वर्षं रोज दोनदा पोट चिमटीत धरणाऱ्या बाईला वेदना संपवून काय देणार? तिला हवंय ते आठवड्यातून एकदाचं काहीतरी, किंवा विचारच करायला न लावणारं काहीतरी.

शिवाय इन्सुलिनचा हिशोब पॅचच्या सोयीचा नाही. एक युनिट म्हणजे साधारण ३५ मायक्रोग्रॅम. सासूबाईंचा सकाळचा डोस २४ युनिट, म्हणजे पाऊण मिलिग्रॅमच्या थोडं वर. ऐकायला काहीच नाही, पण एवढ्याशा चकतीवरच्या टोकांत मिलिग्रॅमभर औषध बसवतानाच दमछाक होते. आणि बसवलं तरी ते दर वेळी तेवढंच आत गेलं पाहिजे. कधी पाऊण गेलं, कधी पूर्ण गेलं, असं व्हिटॅमिनला चालेल, इन्सुलिनला नाही. यावरून एक अख्खी कंपनी बुडाली आहे. अमेरिकेतल्या झोसानो कंपनीने अर्धशिशीवरच्या झोलमिट्रिप्टानचा मायक्रोनीडल पॅच मंजुरीपर्यंत नेला. २०२० मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने तो परत पाठवला, कारण चाचण्यांत औषधाचं अंगात जाणारं प्रमाण सारखं दिसत नव्हतं. २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. सुया उत्तम होत्या. साखर पाहून आपोआप इन्सुलिन सोडणारा पॅचही प्रयोगशाळेत आहे. झेन गू यांच्या गटाने २०२० मध्ये तो छोट्या जातीच्या डुकरांवर चालवून दाखवला. पण डुकरापासून माझ्या काउंटरपर्यंतचा रस्ता लांब आहे, आणि तोवर मी लाल टोपणाची सिरिंज ४० च्या बाटलीला (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) आणि नारिंगी १०० च्या, हे रोज नव्याने समजावत राहणार. चुकली तर अडीच पटीचा फरक पडतो. तो धोका मला सुईच्या वेदनेपेक्षा मोठा वाटतो.

मग हे तंत्रज्ञान आधी कोणाच्या कामी येईल? जिथे औषध अगदी थोडं लागतं, थोडं कमीजास्त झालं तरी बिघडत नाही, आणि आयुष्यात एकदोनदाच द्यायचं असतं, तिथे. म्हणजे लस. त्यातही गोवर.

पेठ तालुक्यातल्या एका उपकेंद्रावरच्या सिस्टर महिन्यातून एखादेवेळी दुकानात येतात. गोवर-रुबेला लसीबद्दल त्यांच्याकडून ऐकलं की पुस्तकातलं ज्ञान पातळ वाटायला लागतं. लस पावडर असते. तिच्याबरोबर येणारं पाणी वेगळं, तेही थंडच हवं. व्हायल एक, पण त्यात पाच किंवा दहा बाळांचे डोस. पाणी मिसळलं की वर वेळ लिहायची, आणि चार तासांनंतर उरलेलं टाकून द्यायचं, कारण लस जिवंत असते आणि त्यात जंतू वाढू नयेत असं काही घातलेलं नसतं. एका पाड्यावर नऊ महिन्यांचं बाळ एकच. दुसऱ्या डोसवालं आईबरोबर द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेलेलं. “एका बाळासाठी व्हायल फोडायची. फोडायचीच, तसंच सांगितलंय,” सिस्टर म्हणाल्या. “पण उरलेले डोस टाकताना हात अडतो हो, ताई.” सोबत आईसपॅक घातलेला व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला, आणि पावसाळ्यात मोटरसायकल जिथे थांबते तिथून पुढे चालत.

पाणी मिसळण्याची ती एक पायरी किती नाजूक आहे, हे २०१४ मध्ये सीरियातल्या इदलिबमध्ये दिसलं. गोवराच्या लसीत चुकून भूल देताना वापरायचं स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं आणि पंधरा बाळं गेली. आणि लस पोचली नाही तर काय होतं, ते आपल्याच जिल्ह्याने पाहिलंय. २०२२ च्या अखेरीला मुंबई-भिवंडीबरोबर मालेगावातही गोवराचा उद्रेक झाला होता.

विरघळणाऱ्या पॅचमध्ये यातलं बरंच काही गळून पडतं. पाणी नाही, व्हायल नाही, उरलेले डोस नाहीत. एक बाळ, एक पॅच. थंडाव्याचा काच कमी होईल अशी आशा आहे. त्वचेच्या त्या वरच्या भागात शरीराच्या पहारेकरी पेशी दाटीने असतात, म्हणून लसीला ती जागा मानवतेही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि गरीब देशांना लसी मिळवून देणारी ‘गावी’ ही संस्था यांनी मिळून लसींच्या नव्या साधनांची क्रमवारी लावली, तेव्हा हे पॅच पहिल्या नंबरावर ठेवले. आणि २०२४ मध्ये गांबिया देशातल्या चाचणीचे निकाल ‘लॅन्सेट’मध्ये आले. अटलांटाच्या मायक्रॉन बायोमेडिकल कंपनीचा पॅच, मनगटाच्या मागच्या बाजूला पाच मिनिटं. एका डोसनंतर ९-१० महिन्यांच्या बाळांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त बाळांना गोवरापासून संरक्षण मिळालं, रुबेलापासून सगळ्यांना. तुलनेला ठेवलेली नेहमीची सुईची लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची होती, आणि पॅच तिच्या बरोबरीने उतरला. बाळं फार नव्हती, अजून मोठ्या चाचण्या व्हायच्या आहेत. पण सांगण्यासारखं आहे.

नाशिकला ‘बिनसुईची लस’ हे शब्द नवे नाहीत. २०२१ च्या अखेरीला झायडस कंपनीची कोरोनावरची झायकोव-डी लस राज्यात आधी नाशिक आणि जळगावला देणार अशी बातमी आली होती. ती मायक्रोनीडल नव्हे. एका यंत्रातून बारीक धार जोराने मारून त्वचेत औषध घुसवतात. पण माझ्याकडे चौकशा सुरू झाल्या. गंमत म्हणजे विचारणाऱ्यांत पलीकडच्या फुटपाथवरचा आमचा पैलवान नव्हता. तो तोपर्यंत दोन्ही डोस घेऊन मोकळा झाला होता, कारण बाजार समितीत जायला सर्टिफिकेट लागेल असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. आणि एक मावशी मात्र ठाम होत्या: “सुई नाही म्हणजे पाणीच मारत असतील.”

म्हणून गांबियाची गोष्ट मी सिस्टरांना सांगितली तेव्हा माझी भीती तीच होती. इंजेक्शन दिलं की बाळ रडतं, रात्री अंग कोमट लागतं, आईची खात्री पटते. चिकटपट्टी लावून काढली, बाळ हसतंय, तर घरातली आजी म्हणणार, सिस्टरने नुसती नोंद केली. सिस्टरांना त्याची फिकीर दिसली नाही. त्यांचं लक्ष दुसरीकडेच.

“पाच मिनिटं? नऊ महिन्यांच्या बाळाचा हात पाच मिनिटं कोण धरणार? ते आधी तोंडात घालेल.”

“आई धरेल की.”

“मग लावूही दे की तिलाच. मी बाजूला बसून कार्ड भरते. सासू काही बोललीच तर तीच सांगेल, मी लावलाय म्हणून.” मग थोडं थांबून, “आणि वापरलेला कुठे टाकायचा? त्याला हब कटर लागणार का?”

सुया विरघळून गेल्या तर कापायला काही उरतच नाही, म्हटलं.

“हे आधी सांगायचं ना,” सिस्टर म्हणाल्या. “आमच्या कटरचं पातं बोथट झालंय, कधीची मागणी टाकून बसलेय. सुई तुटायची सोडून नुसती वाकते.” मग ओआरएसची पाकिटं मोजून घेतली आणि बिल केंद्राच्या नावाने करायला सांगितलं.